मुलुंडमधला फ्लॅव्होन आणि औषधाला न जुमानणारा हाडाचा कॅन्सर

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर बहुतेकदा वाढीच्या वयातल्या मुलामुलींना होतो. गुडघ्याच्या आसपास दुखू लागतं, सूज येते आणि खेळताना लागलं असेल म्हणून कित्येक आठवडे निघून जातात. १९७०च्या आधी यावर मुख्य इलाज एकच होता, पाय कापणे. तरीही बहुसंख्य मुलं दगावत, कारण निदान होईपर्यंत रोगाच्या पेशी फुप्फुसांत पोहोचलेल्या असत.

सत्तरच्या दशकात केमोथेरपीची औषधं आली: मेथोट्रेक्सेटचे मोठे डोस, डॉक्सोरुबिसिन आणि पुढे सिसप्लॅटिन. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १७ टक्के रुग्ण दोन वर्षांनी रोगमुक्त होते. शस्त्रक्रियेसोबत केमोथेरपी घेतलेल्यांत हेच प्रमाण ६६ टक्के होतं. एवढी मोठी झेप कॅन्सरच्या इतिहासात फार थोड्या वेळा दिसते. त्यानंतर मात्र गाडी जवळजवळ तिथेच थांबली. पहिल्या केमोला नीट दाद न देणाऱ्या रुग्णांना आणखी दोन औषधं देऊन पाहणाऱ्या युरामॉस-१ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. त्रास वाढला, फायदा झाला नाही.

पेशी दाद का देत नाहीत, याचा एक धागा १९७६चा आहे. टोरांटोत जुलियानो आणि लिंग या संशोधकांना औषधाला सरावलेल्या पेशींच्या आवरणावर पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन सापडलं. आत शिरलेलं औषध बाहेर उपसून टाकणारा हा पंपच. डॉक्सोरुबिसिन त्याच्या तावडीत सापडतं. १९९५ मध्ये बोलोन्याच्या संशोधकांनी दाखवलं, की ज्या ऑस्टिओसार्कोमात हे प्रथिन जास्त, तिथे रोग उलटण्याचा धोका जास्त. मेथोट्रेक्सेटची गोष्ट वेगळी: ते पेशीत नेणारा वाहकच बिघडला, की औषध आत जातच नाही.

फ्लॅव्होनॉइडांकडे संशोधक वळले ते अशा कोंडीत. या वनस्पतिद्रव्यांचा अभ्यास तसा जुना. १९३६ मध्ये हंगेरीत सेंट-ग्योर्गी या शास्त्रज्ञांनी त्यांना ‘व्हिटॅमिन पी’ म्हटलं होतं. पुढे ते नाव मागे पडलं. कांद्यातलं क्वेर्सेटिन, सोयाबीनमधलं जेनिस्टीन यांनी काचपात्रातल्या कॅन्सरपेशी मरतात, असे निबंध ढिगांनी आहेत. पण खाल्लेल्या क्वेर्सेटिनचा थोडाच भाग रक्तात उतरतो आणि आतडं व यकृत त्याचंही रूप लगेच पालटतात. प्रयोगशाळेतली मात्रा ताटातून गाठता येत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांना हे स्पष्ट सांगायलाच हवं.

या कुळातलं जे एक द्रव्य कॅन्सरवरचं औषध म्हणून माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं, त्याची पाळंमुळं मुंबईत आहेत. १९७९ मध्ये अमूरा रोहितुका या झाडातून रोहिटुकिन वेगळं केलं गेलं. पुढे मुलुंडच्या, हेक्स्ट या जर्मन कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्रज्ञांना तेच द्रव्य डायसॉक्सिलम बायनेक्टॅरिफेरम या कडुनिंबाच्या कुळातल्या, सह्याद्रीतही वाढणाऱ्या झाडात मिळालं. त्यांना हवं होतं दाह कमी करणारं औषध. १९८८च्या निबंधाचा रोखही तोच आहे. रोहिटुकिन काटेकोरपणे फ्लॅव्होन, म्हणजे फ्लॅव्होनॉइडांचा एक उपप्रकार, नव्हे. त्याच्या सांगाड्यातल्या मिथाइल गटाच्या जागी क्लोरीनयुक्त फेनिल वलय आणल्यावर जे तयार झालं, तो फ्लॅव्होन: फ्लॅव्होपिरिडॉल. झाडानं आराखडा दिला, पण औषध घडवलं ते रसायनशास्त्रज्ञांनी. हे श्रेय आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही, याची खंत वाटते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या तपासणीत फ्लॅव्होपिरिडॉल पेशी विभागण्याचं चक्र थांबवतं असं दिसलं. पेशीला विभागणीचा हुकूम देणाऱ्या सीडीके एन्झाइमांना ते अडवतं, आणि त्याच कुटुंबातल्या, पण जनुकांचं वाचन चालू ठेवणाऱ्या सीडीके-९ला विशेष जोरानं. सीडीके-९ थांबलं, की अल्पायुषी संरक्षक प्रथिनं नव्यानं बनत नाहीत आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. नव्वदच्या दशकात माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. सीडीके रोखणारं मानवी चाचण्यांत उतरलेलं हे पहिलं औषध. तिथे अडचणी उभ्या राहिल्या: तीव्र जुलाब, आणि माणसाच्या रक्तातल्या प्रथिनांना औषध इतकं चिकटतं, की मोकळं फार थोडं उरतं. प्रयोगशाळेत पेशी ज्या गाईच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तद्रवात, वाढवतात, त्यात ते इतकं चिकटत नाही, म्हणून सुरुवातीचे हिशेब चुकले. पुढे ओहायोतल्या डॉक्टरांनी अर्ध्या तासात काही भाग आणि उरलेला चार तासांत अशी पद्धत बसवली, तेव्हा रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये गुण दिसला.

हाडाच्या कॅन्सरबाबत महत्त्वाचं काम २००७चं, जपानमधलं. औषधाला सरावलेल्या ऑस्टिओसार्कोमाच्या आणि युइंग या हाडाच्या दुसऱ्या कॅन्सरच्या पेशींना फ्लॅव्होपिरिडॉलनं मारलं, उंदरांमधल्या गाठींची वाढही रोखली. उपसणारा पंप असूनही औषध लागू पडलं, हे त्यातलं सार. मुलांमधल्या, उलटलेल्या घट्ट गाठींवरची सुरुवातीची चाचणी याआधीच, २००५ मध्ये, प्रसिद्ध झाली होती. तिचा मुख्य हेतू सुरक्षित मात्रा शोधणं हा होता. हाडाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारांत फ्लॅव्होपिरिडॉलला आजवर जागा मिळालेली नाही. रोग दुर्मीळ, त्यातही दाद न देणारे रुग्ण आणखी कमी. म्हणून अशी चाचणी अनेक देशांच्या रुग्णालयांनी एकत्र येऊनच शक्य आहे, आणि युरामॉसनं ते जमतं हे दाखवून दिलं आहे.