जमिनीतला गारवा: नळीतून हवा की नळीतून पाणी?

काकांच्या नागपुरातल्या नव्या घरासाठी, ते जमिनीच्या गारव्याने थंड ठेवायची, दोन कोटेशनं आली. घर वर्धा रोडकडच्या एका लेआउटमधलं, प्लॉट तीस बाय पन्नासचा, पाया नुकताच भरलेला. दोन्ही कागदांवर ठळक अक्षरांत एकच शब्द होता: जिओथर्मल. एकाला अंगणात जेसीबी लावून दहा फूट खोल चर खणायचा होता. दुसऱ्याला बोअरची गाडी आणून दोनशे-दोनशे फुटांची तीन भोकं पाडायची होती. "एकाच दुखण्यावर हा म्हणून राहिला पोट फाडा, तो म्हणून राहिला दाढ काढा," काका म्हणाले. "तू इंजिनिअर आहेस ना? मग सांग काय ते."

काकांचा गोंधळ होणारच, कारण शब्दच फसवा आहे. जिओथर्मल म्हटलं की आपल्याकडे किनवटजवळचं उनकेश्वरचं गरम कुंड आठवतं. ती पृथ्वीच्या पोटातली खरी ऊब. तिच्यावर वीज करायचा प्रयत्न लडाखच्या पुगा खोऱ्यात चालू आहे. तिचा काकांच्या बेडरूमशी संबंध नाही. पण ती वगळली तरी आणखी दोन वेगळ्याच गोष्टी उरतात आणि बाजार त्या दोघींनाही हेच नाव लावतो.

दोघींचं मूळ मात्र एकच, आणि ते नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. विहिरीचं पाणी मे महिन्यात गार लागतं आणि जानेवारीच्या पहाटे त्याच पाण्यावर वाफ दिसते. पाणी फारसं बदलत नाही, बाहेरची हवा बदलते. काही मीटर खाली जमिनीचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं. मे महिन्याची आग तीन मीटर खाली पोचायला साधारण दोन-अडीच महिने लागतात आणि तोवर तिचा जोर तिसऱ्या हिश्श्यावर आलेला असतो.

आता नागपूरची सरासरी किती? २७ अंशांच्या आसपास. इथेच परदेशी माहितीपत्रकं आपल्याला गंडवतात. त्यांच्याकडे जमीन १०-१२ अंशांवर असते, नुसतं पाणी फिरवलं तरी खोली गार होते. आपल्याकडे जमीन २७-२८ वर, म्हणजे ती गार नाहीच, फक्त बाहेरच्यापेक्षा बरी. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. त्या दुपारी हा फरक वीस अंशांचा होता. या वीस अंशांचं काय करायचं, याची उत्तरं दोन, आणि काकांची दोन कोटेशनं म्हणजे तीच दोन उत्तरं.

चरवाल्याच्या नळीतून हवा जाते. फूटभर व्यासाची, चाळीसेक मीटर लांब नळी तीन मीटर खोल पुरायची, एका टोकाला बाहेरची हवा आत घ्यायची, पंख्याने ढकलायची आणि दुसऱ्या टोकाला खोलीत सोडायची. ४४ अंशांची हवा आत गेली तर ३१च्या आसपास होऊन बाहेर येते. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला 'टेरी' या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या 'रिट्रीट' इमारतीत असे बोगदे आहेत, चार मीटर खोल. ही मुळात गारव्याची कमी आणि वायुवीजनाची जास्त सोय आहे. जी हवा नळीतून आली, तीच तुम्ही श्वासात घेता.

बोअरवाल्याच्या नळीतून पाणी जातं. बंद फेऱ्यात, पुन्हा पुन्हा तेच. भोकातून खाली जायचं, उष्णता दगडाला द्यायची, वर यायचं. घरातली हवा त्या पाण्याला कधी भेटतही नाही. मध्ये हीट पंप असतो, म्हणजे आपल्या एसीचाच भाऊबंद, कॉम्प्रेसर-गॅससकट. फरक इतकाच की एसी घरातली उष्णता ४५ अंशांच्या हवेत ओकतो, तीही बहुतेकदा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकून. हा ती तिशीतल्या पाण्यात सोडतो. चढ कमी असला की बैलाला ओढायला सोपं जातं. कागदावर मांडलं तर पाव ते तिसरा हिस्सा वीज वाचते, त्यातली थोडी पाण्याचा पंप खातो.

म्हणजे एक मोठी खिडकी आहे आणि दुसरा मोठा एसी. हे एवढं कळलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

नळीच्या हिशेबात काकांना एक गोष्ट आवडली नाही. फुटाच्या नळीतून ताशी सहाशे-साडेसहाशे घनमीटर हवा येते. तिच्यातला गारवा एसीच्या मापात मोजला तर पाऊण टनही भरत नाही. एवढ्यासाठी सगळं अंगण उकरायचं? त्यात भर म्हणजे आपला कूलर. मे महिन्यात हवेत ओल इतकी कमी असते की ताजं गवत लावलेला कूलर ४४ची हवा २८-२९ वर आणून सोडतो. म्हणजे नळीपेक्षाही खाली, आणि तेही खिडकीत टांगून, अंगणाला हात न लावता.

पण गंमत पुढे आहे. नळी हवा गार करते आणि तिच्यात ओल घालत नाही. ती ३१ची कोरडी हवा कूलरच्या ताटीतून काढली तर हिशेबाने २३च्या आसपास येते. एका छोट्या कूलरपुरतीच हवा आहे, मान्य, पण नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ भाजून काढणाऱ्या दिवसांत, एक बेडरूम कॉम्प्रेसरशिवाय २३-२४ अंशांची हवा खात असेल तर ते थोडं नाही. दोन्ही कोटेशनांत ही जोडी कुठेच नव्हती. कूलरचं नाव काढलं की कोटेशन स्वस्त दिसतं, म्हणून असेल.

मृगाचा पाऊस पडला की मात्र चित्र पालटतं. जुलैत बाहेरची हवा २८-३० वर येते आणि तीन मीटर खालची जमीन, मेची आग तिथे आत्ता पोचत असल्याने, तेवढीच असते. नळीला गार करायला काही उरत नाही. ओल मात्र सगळी आत येते. माझ्या एका मित्राच्या फार्महाउसवर अशी नळी आहे. गेल्या जुलैत त्याच्या खोलीतली जाळी आम्ही काढली. आतून बोट फिरवलं तर काळपट, बुळबुळीत थर आला आणि ओल्या गोणपाटाचा वास. नळीला उतार दिला नव्हता, सांध्यातून काळ्या मातीतलं पाणी झिरपून मधल्या भागात साचलं होतं, आणि बाहेरच्या तोंडाची जाळी उंदरांनी कधीच कुरतडली होती. त्याच्या आईला तिथे रात्रभर खोकला यायचा. सगळे म्हणत, पावसाळी हवा आहे.

म्हणून नळी टाकायची तर काही गोष्टींत तडजोड नको. एका टोकाकडे सलग उतार, तिथे पाणी काढायला छोटं कुंड, पाणी न शिरणारे सांधे, आत ब्रश घालता येईल अशी झाकणं. हवेचं तोंड जमिनीपासून माणसाच्या उंचीवर, स्कूटर लावतो तिथून लांब, फिल्टर आणि बारीक पोलादी जाळीसकट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावसाळ्यात ती बंद करता आली पाहिजे. पूर्व नागपूरकडे दगड ग्रॅनाइटच्या जातकुळीतला आहे. तशा दगडातून बेसाल्टपेक्षा, म्हणजे आपल्या काळ्या दगडापेक्षा, रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू जास्त निघतो, तिथे सांधे घट्ट असण्याला आणखी एक कारण मिळतं.

काळ्या मातीचा त्रास इथेच संपत नाही. उन्हाळ्यात ती आक्रसते, हातभर भेगा पडतात. नळीभोवतीची माती सुटली की मध्ये हवा अडकते, आणि अडकलेली हवा म्हणजे रजई. काळा थर ओलांडून मुरमात जायचं आणि नळीभोवती रेती चोपून भरायची, हा त्यावरचा साधा उपाय. बोअरला हा प्रश्न कमी, कारण भोक खालच्या काळ्या दगडात जातं. तिथे नळी आणि दगड यांच्यातली फट बेंटोनाइट मातीच्या गाऱ्याने भरून घ्यावी लागते.

बोअरचा खरा प्रश्न वेगळा आहे आणि कोटेशनवाला तो बोलला नाही. कॅनडात हीट पंप हिवाळ्यात जमिनीतून ऊब काढतो आणि उन्हाळ्यात परत ठेवतो, खातं जुळतं. आपल्याकडे हिवाळा म्हणजे जानेवारीतल्या चार गारठलेल्या रात्री, त्यांना दुलई पुरते. मार्च ते ऑक्टोबर आपण जमिनीत उष्णता भरत राहणार, काढणार कोण? तीन टनांचं यंत्र साडेदहा किलोवॉट उष्णता घरातून उचलतं आणि स्वतःची भर घालून तेरा-साडेतेरा किलोवॉट खाली देतं. भोकं जवळजवळ असली तर काही वर्षांत तिथला दगडच तापतो. भोकांत वीस फूट अंतर ठेवा, अंघोळीचं पाणी याच उष्णतेवर तापवा, भोकं जरा आणखी खोल न्या. तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर, पाया भरून झाल्यावर, हे सगळं बसवणं म्हणजे टांग्यात हत्ती.

आणि हवा? हीट पंप घरातलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो, तो ताजी हवा आणत नाही. दारं-खिडक्या लावून दोन माणसं रात्रभर एका खोलीत झोपली की कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या ४२० पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) पहाटेपर्यंत दोन हजारांपुढे जाऊ शकतो. सकाळी डोकं जड होतं, त्याचा दोष आपण एसीला देतो. यासाठी ताज्या हवेचं वेगळं यंत्र लागतं, ज्यात बाहेर जाणारी गार हवा आत येणाऱ्या गरम हवेला आपला गारवा देऊन जाते. हीट पंपाची जमेची बाजू अशी की तो पावसाळ्यात हवेतली ओल काढतो, आणि डक्टिंग केलं असेल तर चांगला फिल्टर बसतो. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख उडते त्या गावात तो लागतोच.

काकूंनी ऐकता ऐकता विचारलं, "यातल्या कशाने माझ्या फोडणीचा ठसका जाईल?" कशानेच नाही. नळी तो पातळ करेल, हीट पंप तो घरभर वाटेल. त्याला गॅसवरची चिमणीच हवी, बाहेर सोडणारी, फिल्टर करून परत घरातच सोडणारी नव्हे.

शेवटी काकूंची चिमणी ठरली, भिंतीत पाइपाला भोकही पडलं. चराचा खड्डा अर्धाच केला, एका बेडरूमपुरता, कूलर जोडायच्या बेताने. बोअरवाल्याचा फोन अजून येतो. काका त्याला सांगतात, "नवतपा निघू दे, मग पाहू."