दहावीचे क्रीडागुण आणि चित्रकलेचे गुण: वस्तीतल्या मुलांच्या पालकांनी कागद कधीपासून सांभाळावेत

मार्च-एप्रिल आला की आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एखादी आई प्लॅस्टिकची पिशवी घेऊन येतेच. पिशवीत पदकं, ट्रॉफीसोबत काढलेले फोटो आणि घडी घालून मऊ पडलेली दहा-बारा प्रमाणपत्रं असतात. पोरगी पाच वर्षं कबड्डी खेळलीय, बोर्डाचे वाढीव गुण मिळतील ना, एवढंच तिला विचारायचं असतं. आणि बहुतेक वेळा त्या दहा-बारांतलं कामाचं प्रमाणपत्र एकच निघतं. मुलगी खेळात कमी पडलेली नसते. कुठला कागद मोजला जातो हे तिला वेळेवर कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी गुण कशाचे मिळतात ते पाहू. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या, म्हणजे बोर्डाच्या, दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना खेळातल्या कामगिरीसाठी सवलतीचे गुण मिळतात. जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय असा स्तर चढत जातो तसे गुण वाढतात आणि सर्वांत वरच्या पायरीला ते २५ पर्यंत जातात. दहावीसाठी सहावीपासूनची कामगिरी धरतात. म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या पोराने मिळवलेला कागद चार वर्षांनी उपयोगी पडणार असतो. वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, दर पावसाळ्यात पाणी शिरणाऱ्या घरात, तो चार वर्षं टिकवायचा असतो.

आता कुठल्या स्पर्धा चालतात? गल्लीतल्या मंडळांच्या स्पर्धा चालत नाहीत. गणपतीतली, जयंतीतली, नगरसेवक चषकाची, रोख बक्षिसाची कबड्डी कितीही चुरशीची झाली तरी तिच्या प्रमाणपत्राला इथे किंमत नाही. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा (१४, १७ आणि १९ वर्षांखालील गट) आणि मान्यताप्राप्त क्रीडा संघटनांच्या अधिकृत स्पर्धा, एवढंच धरतात. खेळही शासनाच्या यादीतला असावा लागतो. म्हणून मुलगा शनिवार-रविवारी मंडळाकडून खेळत असेल तर खुशाल खेळू द्या, पण शाळेच्या संघात त्याचं नाव आहे का, हे जूनमध्येच पीटीच्या सरांना विचारा. शालेय स्पर्धेत प्रवेश शाळेमार्फतच होतो. पालिकेच्या आणि छोट्या अनुदानित शाळांत पुष्कळदा क्रीडाशिक्षकच नसतो आणि संघाची नोंदणी राहून जाते. अशा वेळी चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटावं आणि कुठल्या तरी एका शिक्षकाकडे हे काम सोपवून घ्यावं. एकट्या आईचं म्हणणं टाळलं जातं, चौघींचं ऐकतात.

सगळ्यात जास्त मुलं अडतात ती जन्मदाखल्यावर. वयोगटाची स्पर्धा म्हटली की जन्मतारखेचा पुरावा आलाच. मागच्या वर्षी एका मुलीचा दाखला माझ्या हातात होता. आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, सगळं नीट, फक्त बाळाच्या नावाची जागा कोरी. प्रसूती सरकारी रुग्णालयात झाली, नोंद झाली, पण नाव बारशात ठेवलं आणि ते कळवायला पुन्हा कुणी गेलंच नाही. कायद्यात याची सोय आहे. नोंदणी झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत बाळाचं नाव विनाशुल्क घालता येतं आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. दहावीतली मुलं पंधराच्या उंबरठ्यावर असतात. म्हणून पाचवी-सहावीतच दाखला काढून बघा, आणि नाव नसेल तर जिथे जन्माची नोंद झाली त्याच पालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात अर्ज करा. बाळंतपण गावी झालं असेल तर नोंद गावीच असणार. मुंबईत वॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या मारण्यात वेळ घालवू नका.

नोंदच झाली नसेल तर काम लांबतं. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीपूर्वी यासाठी प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात जावं लागे. आदेश मिळायला महिने जातात, तेव्हा स्पर्धा जाहीर होईपर्यंत थांबू नका.

दाखला, आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर (शाळेतली प्रवेशाची नोंदवही) या तिन्हींत नाव आणि जन्मतारीख एकच हवी. ‘शेख’चं ‘शेक’, आडनावाच्या जागी वडिलांचं नाव, असल्या चुका वस्तीत घरोघरी आहेत. रजिस्टरमधली दुरुस्ती मुलगा शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत करून घ्या. शाळा सुटल्यावर ती फार अवघड होते.

प्रत्यक्ष अर्ज दहावीच्या वर्षात, परीक्षेच्या सुमारास भरायचा असतो. तो विद्यार्थी, शाळा, जिल्हा क्रीडा अधिकारी आणि बोर्डाचं विभागीय मंडळ अशा वाटेने जातो. विद्यार्थ्याने विहित नमुना भरून शाळेत द्यायचा. सोबत स्पर्धेच्या प्रमाणपत्राची प्रत आणि बोर्डाचा बैठक क्रमांक. मुख्याध्यापकांच्या शिफारशीने प्रस्ताव क्रीडा कार्यालयात जातो, तिथे स्पर्धेच्या नोंदीशी तो पडताळतात आणि पुढे बोर्डाला कळवतात. शेवटची तारीख दरवर्षी परिपत्रकाने जाहीर होते. ती हुकली की निकालानंतर कुणाच्याही पाया पडून उपयोग होत नाही.

मुंबई शहर जिल्ह्याचं क्रीडा कार्यालय धारावीतल्या राजीव गांधी जिल्हा क्रीडा संकुलात आहे आणि उपनगरचं कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर. धारावीतल्या कित्येक घरांपासून तिथलं कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तरी तिथे कधी पाऊल न टाकलेले पालक मला नेहमी भेटतात. जा, विचारा. शिपायापासून साहेबांपर्यंत कुणालाही विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

चित्रकलेचं त्या मानाने सरळ आहे, आणि मैदान नसलेल्या वस्तीतल्या मुलांना ते जवळचंही आहे. शासकीय रेखाकला परीक्षा दोन: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. गुण मिळतात ते इंटरमिजिएटचे, ‘ए’ श्रेणीला ७, ‘बी’ला ५, ‘सी’ला ३. पण आधी एलिमेंटरी पास व्हावी लागते. तेव्हा आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट, असा हिशेब ठेवा. नाव शाळेतूनच नोंदवतात आणि परीक्षा दोन दिवस चालते. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती (कंपास-पट्टीने काढायच्या आकृत्या)-अक्षरलेखन हे विषय असतात. आमची मुलं स्मरणचित्रात कधी मागे पडत नाहीत. पाण्याच्या टँकरपुढची हंड्यांची रांग त्यांना न बघता काढता येते. ती मागे पडतात कर्तव्यभूमितीत, कारण घरी कंपासपेटी धड नसते आणि कागद पसरायला टेबल नसतं. तेवढी सोय एखाद्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी तासभर झाली तरी पुरते.

शास्त्रीय गायन, वादन, नृत्य आणि लोककलेलाही वाढीव गुण आहेत. गायन-वादनासाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या मान्य संस्थेच्या परीक्षा ओळीने द्याव्या लागतात, त्याला काही वर्षं जातात. तबल्यावर हात बसलेला मुलगा असेल तर पाचवी-सहावीतच पहिल्या परीक्षेला बसवा.

प्रमाणपत्रं दहावीनंतरही टाकून देऊ नका. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. मूळ प्रमाणपत्र हरवलं तर पाच वर्षांनी स्पर्धेची नोंद शोधत फिरणं फार जड जातं. मी पालकांना सांगतो, प्रमाणपत्र मिळालं त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा, दोन झेरॉक्स काढा, एक शाळेत द्या, एक नातेवाइकाकडे ठेवा. मूळ कागद झिपच्या पिशवीत घालून पत्र्यापासून लांब, वरच्या फळीवर. आणि शाळेत किंवा कार्यालयात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.