अध्यादेश म्हणजे कायमचा कायदा नव्हे

"राष्ट्रपतींनी अध्यादेशावर सही केली की झाला कायमचा कायदा, संसदेला विचारायचं कामच नाही," असा एक जुना संदेश नागपुरात हिवाळी अधिवेशन आलं की हमखास फिरतो. गैरसमज होणं साहजिक आहे. अध्यादेशाला कायद्याइतकंच बळ असतं, फक्त मुदतीपुरतं.

संविधानाचा अनुच्छेद १२३ उघडून बघा. संसदेची दोन्ही सभागृहं चालू असताना अध्यादेश काढताच येत नाही. पुढे संसद भरली की तो मांडावा लागतो, आणि तेव्हापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. सभागृहांनी नामंजूर केला, तर त्याआधीच. शिवाय राष्ट्रपती तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच काढतात (अनुच्छेद ७४). हे तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

राज्यपालांसाठी अनुच्छेद २१३ जवळपास असाच. म्हणून अधिवेशनाच्या सुरुवातीच्या कामकाजपत्रिकेत 'अध्यादेश सभागृहासमोर ठेवणे' असतं का, ते पाहा.