कॉर्नेलिया डी लँग सिंड्रोम : रक्ताचा रिपोर्ट कोरा आल्यावर गालाचा स्वॉब का मागतो

जुळलेल्या कमानदार भुवया, लांब पापण्या, पातळ वरचा ओठ, लहान हात (कधी बोटंही कमी), जन्मापासून खुंटलेली वाढ आणि सतत दूध ओकणं, असं चित्र दिसलं की डॉक्टर हे निदान मनात धरतात. साधारण दहा हजार ते तीस हजार जन्मांत असं एक बाळ असतं.

आपल्या पेशींत कोहेसिन नावाचं प्रथिनांचं कडं डीएनएच्या धाग्याभोवती बसतं. गर्भ घडताना कोणतं जनुक कधी चालू व्हायचं, यात त्याचा मोठा वाटा असतो. हे कडं धाग्यावर चढवायला एनआयपीबीएल या जनुकाचं प्रथिन लागतं. पाचव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाचा संबंध २००४ मध्ये सापडला. त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी आजार होतो, आणि बहुसंख्य रुग्णांत दोष इथेच असतो. उरलेल्यांपैकी काहींत एसएमसी१ए, एचडीएसी८, एसएमसी३ किंवा आरएडी२१ या जनुकांत बदल सापडतो.

बिघाड बहुतेक वेळा बाळात नव्यानेच झालेला असतो. ग्रहणात भाजी चिरली, गरोदरपणात अमुक खाल्लं, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. घरातल्या मोठ्यांनाही हे जरूर वाचायला द्या.

कधी हा बदल गर्भ राहिल्यानंतर, एखाद्याच पेशीत होतो. मग तो बाळाच्या काही पेशींत असतो, काहींत नाही. रक्तात अशा पेशी मागे पडतात आणि जनुकांच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट कोरा येतो, म्हणजे दोष दिसतच नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रक्तात काहीच न सापडलेल्या १३ रुग्णांपैकी १० जणांच्या गालाच्या पेशींत एनआयपीबीएलचा बदल मिळाला. म्हणून लक्षणं ठळक असतील तर आम्ही महागडी रक्ततपासणी पुन्हा करायला सांगत नाही, नमुना बदलायला सांगतो. रिपोर्ट कोरा येण्याचं दुसरं कारण वाचनांच्या संख्येचं, म्हणजे तपासणीत डीएनएवरची एकच जागा किती वेळा वाचली गेली याचं. बदल डीएनएच्या १० टक्के प्रतींतच असेल आणि ती जागा ३० वेळाच वाचली गेली, तर तो तीनेक वाचनांत दिसतो आणि चूक समजून गाळला जाऊ शकतो. ती जागा काहीशे वेळा वाचली की तो नीट उठून दिसतो. दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट असेल तर हा आकडा विचारून घ्या.

स्वॉब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) घेताना बहुतेक नमुने एकाच कारणाने वाया जातात : बाळ नुकतंच अंगावर प्यायलेलं असतं आणि आईच्या पेशी मिसळतात. शेवटच्या दुधानंतर किमान एक तास थांबा आणि तोंड ओल्या स्वच्छ कापडाने पुसून घ्या. गालाच्या आत, हिरडीला न लावता, स्वॉब गोल फिरवत ३० सेकंद घासा. दुसऱ्या गालाला दुसरा स्वॉब. नुसती लाळ टिपली तर पेशी पुरत नाहीत. स्वॉब हवेत सुकवून कागदी पाकिटात ठेवा. ओला स्वॉब प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की बुरशी धरते, पावसाळ्यात तर हमखास. बाळाला अलीकडे रक्त चढवलं असेल, तर फॉर्मवर तारीख लिहा.

रिपोर्टवर ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला, तर आई-वडिलांचेही नमुने लागतील. तेवढ्यावरून गर्भपातासारखा निर्णय कुणीही घेऊ नये. गालाचा नमुनाही कोरा आला, तरी लक्षणांवरून केलेलं निदान रद्द होत नाही. दूध वर येणं, ऐकू येणं आणि हृदय यांची तपासणी रिपोर्टची वाट न पाहता सुरू करा.

पुढच्या बाळाला एनआयपीबीएलचा आजार होण्याचा धोका, आई-वडिलांच्या रक्तात बदल नसताना, साधारण एक टक्का धरतात. तो शून्य नाही, कारण आई-वडिलांच्या बीजपेशींत (अंडपेशी किंवा शुक्राणू) बदल दडलेला असू शकतो. एसएमसी१ए आणि एचडीएसी८ ही एक्स गुणसूत्रावरची जनुकं. आईतच बदल असेल तर तो प्रत्येक गर्भात जाण्याची शक्यता निम्मी. पुढचं गरोदरपण ठरवण्याआधीच जनुकीय समुपदेशकाला भेटा. बाळातला नेमका बदल माहीत असला तरच ११ ते १३ आठवड्यांत वारेचा किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजलाचा नमुना तपासता येतो. ही तपासणी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच होते आणि गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही. त्या वेळी बाळाचा मूळ रिपोर्ट, शेवटच्या पानासकट, सोबत आणा.