पोपटाच्या पिल्लाचं खाणं: वाटी भरलेली दिसते, पिल्लू उपाशी असतं

आमच्या सांगलीच्या दुकानातून पिल्लू नेणाऱ्यांसाठी

पिल्लू घरी गेल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत आम्हाला बहुतेक फोन एकाच कारणासाठी येतात. "दाणे घातलेत, वाटी भरलेली आहे, तरी पिल्लू गप्प बसलंय." महिन्या-दोन महिन्यांनी तेच लोक विचारतात, "सगळं देऊन बघितलं, पण सूर्यफुलाशिवाय कशाला तोंड लावत नाही, काय करू?" दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. वाटी वरवर बघितली जाते, वाटीत खरंच काय उरलंय ते कुणी बघत नाही. म्हणून हा कागद पिल्लाबरोबर देतोय. घरात जो पिल्लाला खायला घालणार आहे त्याने तरी एकदा पूर्ण वाचावा.

इथे पोपट म्हणजे कॉकॅटिल, कोन्युर, लव्हबर्ड आणि बजरीगर (आपल्याकडे ज्यांना सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात ते छोटे पक्षी बजरीगर असतात). आपला देशी हिरवा पोपट आणि मोठा राघू यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चं संरक्षण आहे. ते पाळणं आणि विकणं दोन्ही गुन्हा आहे, त्यामुळे त्यांची चौकशी आमच्याकडे करू नका. कोन्युरसारख्या काही परदेशी जातींची 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. ती कशी करायची ते पिल्लू नेताना दाखवतो.

फुंकर मारून बघा

पोपट दाणा अख्खा गिळत नाही. चोचीत धरतो, जिभेने फिरवतो, साल काढतो, गर खातो आणि फोलपट तिथेच सोडतो. ते बहुतेक वाटीतच पडतं. राळ्याचं फोलपट लांबून अगदी राळ्यासारखंच दिसतं. रंग तोच, आकार तोच, फक्त आत काही नसतं.

मागच्या पावसाळ्यात मिरजेचं एक जोडपं बजरीगरची जोडी खोक्यात घालून घेऊन आलं. एक पक्षी पिसं फुगवून खोक्याच्या तळाशी बसला होता. बाईंनी वाटीही जशीच्या तशी आणली होती, काठोकाठ भरलेली. मी काउंटरवर पेपर पसरला, वाटी ओतली आणि फुंकर मारली. फोलपटं उडून पार वजनकाट्यावर गेली. खाली राळ्याचे सात-आठ दाणे आणि थोडी ज्वारी राहिली. वाटी भरलेली दिसते म्हणून तीन दिवस त्यांनी दाणा घातलाच नव्हता. एक पक्षी वाचला, दुसरा त्याच रात्री गेला. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. जिवापाड सांभाळत होत्या त्या. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यात आम्हीही आलो. तेव्हापासून हे सांगितल्याशिवाय आम्ही पिल्लू देत नाही.

तेव्हा रोज सकाळी वाटी बाहेर काढा, सुपात पाखडल्यासारखी हलवा, फुंकर मारा आणि काय उरलं ते बघा. एवढ्या लहान पक्ष्याला एक दिवसाचा उपासही जड जातो. "भूक लागली की खाईल" हा हिशोब इथे चालत नाही.

नुकतंच सेल्फ झालेलं, म्हणजे स्वतःचं स्वतः खायला लागलेलं पिल्लू तर आणखी फसवतं. ते वाटीशी बसतं, दाणे फोडतं, कुटूकुटू आवाजही करतं, आणि गर खाली टाकून देतं. तुम्हाला वाटतं, छान जेवतंय. हे ओळखायला वजन हा एकच खात्रीचा उपाय आहे. आम्ही पावतीवर पिल्लाचं सकाळचं वजन ग्रॅममध्ये लिहून देतो, ते उगाच नाही. स्वयंपाकघरात असतो तसा साधा ग्रॅमचा काटा घ्या आणि पहिले पंधरा दिवस रोज सकाळी, दाणा घालायच्या आधी वजन करा. 90 ग्रॅमचं कॉकॅटिल 81 वर आलं, म्हणजे दहावा हिस्सा घटला, तर वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. शिट बघायची सवयही लावून घ्या. संख्या कमी झाली आणि रंग गडद हिरवा, काळपट दिसायला लागला, तर पोटात काही जात नाहीये असं समजा.

सूर्यफूल

वाटी वाचायची दुसरी बाजू ही. मिश्र दाणा घातला म्हणजे पक्षी मिश्र दाणा खातो असं नाही. लहान मूल चिवड्यातले शेंगदाणे वेचतं तसं कॉकॅटिल आधी सूर्यफूल वेचतं. ते संपलं की वाटी उकरून बाकीचा दाणा बाहेर फेकतं आणि ओरडतं. घरचे म्हणतात, संपलं वाटतं, आणि वाटी पुन्हा भरतात. पुन्हा सूर्यफूलच वेचलं जातं. सहा महिने असं चाललं की पक्षी मिश्र दाण्याच्या नावाखाली नुसत्या सूर्यफुलावर वाढलेला असतो.

सूर्यफुलाच्या गरात निम्म्याच्या आसपास तेल असतं. बाजरी, ज्वारी, राळ्यात ते अगदी थोडं. सूर्यफुलात कॅल्शियम कमी आणि अ जीवनसत्त्व जवळपास नाहीच. जंगलात दिवसभर उडणाऱ्या पक्ष्याला एवढं तेल कदाचित पचेल. दोन फुटी पिंजऱ्यात बसणाऱ्याच्या यकृतावर चरबी चढते. अ जीवनसत्त्व कमी पडलं की शिंका, नाक वाहणं, डोळ्याभोवती सूज, तोंडात पांढरे चट्टे असं सुरू होतं आणि लोक सर्दी समजून औषध विचारायला येतात. अंडी घालणाऱ्या मादीला कॅल्शियम कमी पडलं तर अंडं अडतं आणि जीवावर बेततं.

म्हणून आमच्या पिल्लांच्या मिश्रणात सूर्यफूल नसतं. त्यात राळा, वरी, बाजरी, थोडी ज्वारी, सालीसकट ओट्स आणि कॅनरी सीड असतं. "बाजारात यापेक्षा स्वस्त मिळतं" हे खरं आहे. स्वस्त पाकिटात बऱ्याचदा काय भरलेलं असतं ते एकदा ताटात ओतून बघा. सूर्यफूल विष नाही. हातावर यायला शिकवताना बक्षीस म्हणून दिवसाला चार-पाच दाणे जरूर द्या. वाटीत मात्र नको.

पालेभाजी आणि बाकीचं

नुसता दाणा, कितीही चांगला असला, तरी पुरत नाही. साधारण निम्मं पेलेट (सगळं दळून, एकत्र करून बनवलेल्या तयार गोळ्या), उरलेल्यात दाणा आणि भाजीपाला, फळ अगदी थोडं, असं आम्ही आमच्या पिल्लांना देतो. पेलेट दिसायला कोरडं वाटतं, पण त्यातून वेचून खाता येत नाही, आणि ते द्यायचं कारणच ते आहे. मोठ्या पोत्यातून सुटं काढलेलं, तारीख नसलेलं पेलेट घेऊ नका. आम्ही मूळ पाकिटातलंच देतो.

भाजीसाठी वेगळा खर्च लागत नाही. शेवग्याचा पाला पहिल्या क्रमांकावर. त्यात अ जीवनसत्त्वही आहे आणि कॅल्शियमही. मग मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर, लाल भोपळा, उकडलेलं रताळं, ढोबळी मिरची. पालक कधीतरीच, कारण तो कॅल्शियम अडवतो. हिरवी मिरची चालते. पक्ष्यांना तिचा तिखटपणा लागत नाही, पण मिरची म्हणजे जेवण नव्हे. जानेवारी-फेब्रुवारीत शाळूचं ओलं कणीस मिळालं तर ते पिंजऱ्यात टांगून बघा. आमच्याकडची पिल्लं त्यावर तुटून पडतात. मोड आलेले मूग आणि मटकी उत्तम, पण मोड नुकते डोकावले की द्या आणि आंबूस वास आला की फेका. कच्चा राजमा कधीच नको. तासगावची द्राक्षं मिठाच्या पाण्यात घालून, मग साध्या पाण्याने नीट धुऊन आठवड्यातून एक-दोनदा, अर्धं द्राक्ष. बेदाणा म्हणजे साखर, तो टाळलेलाच बरा. ओलं खाणं आपल्या उन्हाळ्यात दोन तासांवर पिंजऱ्यात ठेवू नका.

पिल्लू भाजी खात नाही, कारण ती त्याला खाण्याची वस्तू वाटतच नाही. एकदा दिली, त्याने मान फिरवली, आणि "आमच्याला भाजी आवडत नाही" असं ठरवून टाकलं, तर ते आयुष्यभर खाणार नाही. दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. सकाळी उठल्यावर त्याला भूक असते, तेव्हा आधी भाजी ठेवा, तास-दीड तासाने दाणा. कॉकॅटिलला दिवसाला दाण्याचे दीड-दोन चहाचे चमचे पुरतात. वाटी दिवसभर भरून ठेवायची गरज नाही. कोथिंबिरीची जुडी ओली करून टांगा, बजरीगर त्यात अंग घासता घासता चावायला लागतात. पोपट थव्यात खाणारा पक्षी आहे, त्यामुळे तुम्ही त्याच्यासमोर गाजर चावून खाल्लंत तर तो चौकशीला येतोच. मात्र हे सगळं पिल्लू घरात रुळून वजन स्थिर झाल्यावर. पहिले पंधरा दिवस आम्ही पिशवीत दिलेलं तेच खाणं ठेवा, आणि नवीन शिकवण्यासाठी दाणा पूर्ण कधीच बंद करू नका.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलबोन, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड) पिंजऱ्याला अडकवा. तो आमच्याकडे क्लिपसकट मिळतो, काष्ठौषधीच्या दुकानातला स्वच्छ तुकडाही चालेल. जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात घालू नका, पाणी खराब होतं आणि पक्षी पिणं कमी करतो.

आता जे अजिबात नको ते: एवोकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, सफरचंदाच्या बिया, दूध. आणि भडंग. सांगलीत हे वेगळं सांगावं लागतं, कारण संध्याकाळी घरातले सगळे भडंग खात असताना पिल्लू खांद्यावर असतं. त्यातलं मीठ, तेल आणि लसूण त्याच्यासाठी फार होतं. कुबट शेंगदाण्यावरची बुरशीही यकृत बिघडवते. खाण्याचा विषय नाही, पण सांगतो: नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका.

"छोटं पिल्लू द्या ना, आम्ही भरवू"

हे आम्हाला रोज ऐकावं लागतं, आणि नाही म्हटलं की लोक नाराज होतात. दुसरीकडे महिन्याचं पिल्लू सिरिंजसकट मिळतं हे आम्हाला माहीत आहे. पण फीड, म्हणजे सिरिंजने भरवायचं पातळ खाणं, साधारण 39 ते 41 अंश सेल्सिअसवरच द्यावं लागतं. थंड झालं तर गळ्याखालच्या पिशवीत, क्रॉपमध्ये, साचून आंबतं. गरम असेल तर पिशवी आतून भाजते. सिरिंज चुकीची गेली तर फीड श्वासनलिकेत जातं. भाजलेल्या क्रॉपची, फुटलेल्या कातडीतून फीड गळणारी पिल्लं आमच्या काउंटरवर आलेली आहेत. त्यामुळे कॉकॅटिल आम्ही आठ ते दहा आठवड्यांचं, पूर्ण सेल्फ झाल्यावर आणि वजन टिकल्यावरच देतो. त्या काळात ते रोज आमच्या हातावर असतं आणि भाजी, पेलेट, दाणा तिन्ही ओळखून तुमच्याकडे येतं. किमतीतला फरक या चार-पाच आठवड्यांचा आहे.

फोन करण्याआधी एवढं हाताशी ठेवा: आजचं सकाळचं वजन, पावतीवरचं वजन, आणि वाटी पेपरवर ओतून काढलेला फोटो. पिंजऱ्यातला कालचा कागद टाकू नका, त्यावरची शिट बघायची असते. पक्षी फुगून तळाशी बसला असेल तर फोटोत वेळ घालवू नका, ऊब द्या आणि थेट पक्ष्यांचं बघणाऱ्या पशुवैद्यांकडे न्या. पत्ता दुकानात विचारून आधीच लिहून ठेवा.