घराण्यातला कंपवात: डीबीएस ऑपरेशनची फाइल कोल्हापुरात कशी तयार करावी

कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, वडिलांना होता, आत्यालाही होता, "आमच्यात आहेच हे" असं घरोघरी ऐकू येतं. डीप ब्रेन स्टिम्युलेशन (डीबीएस), म्हणजे मेंदूत तारा बसवण्याच्या ऑपरेशनचा विचार असेल, तर हे आधी कागदावर आणा. कंपवात कुणाला झाला, कितव्या वर्षी सुरू झाला, ते लिहा. आई-वडिलांचं लग्न नात्यातलं, म्हणजे वडिलांनी मामाच्या मुलीशी केलेलं असेल तर तेही सांगा, लाजू नका. कारण पार्किन नावाच्या जनुकाचा दोष आई-वडील दोघांकडून आला तरच आजार होतो आणि तो बहुधा चाळिशीच्या आत सुरू होतो.

जनुकीय तपासणीचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. पार्किन किंवा एलआरआरके२ या जनुकात दोष असलेल्यांना ऑपरेशनचा गुण सहसा चांगला येतो. जीबीए जनुकाच्या दोषात हालचाल सुधारते, पण बुद्धी लवकर मंदावण्याचा धोका जास्त. तिथे घाई नको.

पात्रतेसाठी आजाराला साधारण पाच वर्षं झालेली असावीत. स्मृतिभ्रंश किंवा आटोक्यात नसलेलं नैराश्य नसावं. मुख्य कसोटी गोळीची. आदल्या रात्रीपासून लिव्होडोपा ही कंपवाताची गोळी बंद करून सकाळी हालचाली तपासतात, मग गोळी देऊन पुन्हा. निदान ३० टक्के फरक दिसावा लागतो. त्या सकाळी शर्टाचं बटणसुद्धा लागत नाही आणि तासाभराने तोच माणूस आपला कप आपण उचलतो. सोबत घरचं खंबीर माणूस हवंच.

आता पैशाचं. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी तहसीलदारांचा १.६० लाखांच्या आतला उत्पन्न दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि दवाखान्याचं एस्टिमेट लागतं. खाजगी दवाखाना असेल तर एस्टिमेटवर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र घ्या. आधी खर्च करून नंतर बिल दिलं तर मदत मिळत नाही, म्हणून अर्ज वेळेत करा.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन आहे. स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा देऊन अर्ज भरा, मग कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी ४० टक्के अपंगत्व लागतं.

एस्टिमेट घेताना मेंदूतल्या तारांना वीज देणारी बॅटरी चार्ज होणारी आहे का, ते लिहून घ्या. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते आणि तो खर्च पुन्हा घरावरच येतो.