आंबट घटकांची बदली (पाककला)

पाककृतीत सांगितलेले आमसूल, चिंच, कैरी, लिंबू किंवा ताक हाताशी नसताना दुसरे आंबट वापरणे, किंवा आंबट वगळणे. कोकणातल्या आमटीत आमसूल पडते, देशावर चिंच-गूळ. त्यामुळे एका भागातली कृती दुसरीकडे करताना ही बदली हमखास करावी लागते. ती फसते ती बहुधा वेळेमुळे, प्रमाणामुळे क्वचित.

एक वाटी तूरडाळीच्या आमटीला ४-५ आमसुले लागतात. त्याऐवजी सुपारीएवढी चिंच १५ मिनिटे कोमट पाण्यात भिजवून कोळ घ्यावा. आमसुलाला मीठ असते, म्हणून चिंच घेताना मीठ किंचित वाढवावे. गुळाचा खडाही थोडा मोठा लागतो. कोळाचा कच्चा वास जायला आमटी ५-७ मिनिटे उकळावी लागते. लिंबाचे उलटे आहे: उकळले की त्याचा वास उडतो आणि कडवटपणा येतो, म्हणून अर्ध्या लिंबाचा रस गॅस बंद केल्यावरच पिळावा. वरणाचा पिवळा रंग राखायचा असेल तर लिंबूच बरे, चिंचेने ते काळपटते. सुक्या भाजीत पाणी नको असेल तर आमचूर सोयीचे.

कोणतेही आंबट डाळ किंवा बटाटा शिजण्याआधी घालू नये. आम्लामुळे पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन सुटत नाही आणि दाणे कितीही उकळले तरी टणक राहतात. भेंडीला मात्र आंबट लवकर घातलेले चांगले, तार कमी होते.

बांगड्याच्या कालवणात आमसुलाऐवजी आंबोशी (कैरीच्या वाळवलेल्या फोडी) चालते, कोकण-गोव्यात ती वापरतातच. टोमॅटो तिथे तोकडा पडतो. माशाचा उग्र वास अमाइन नावाच्या अल्कधर्मी रसायनांमुळे येतो. तो दाबायला पुरेसे आम्ल हवे आणि टोमॅटोत ते कमी असते. सोलकढीला तर खरी बदली नाहीच: बीटाने रंग येतो, चव येत नाही.

अळू आणि सुरण यांत आंबट वगळू नये. त्यांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी घसा खाजतो. सुरणाच्या फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात उकडून ते पाणी टाकतात. अळूच्या फदफद्यात कोळ शिजतानाच घालतात. वरून पिळलेले लिंबू हे काम करत नाही.

सोडा घातलेल्या ढोकळ्यात दही वगळले तर आम्लाविना सोडा तसाच उरतो: ढोकळा चपटा बसतो, साबणासारखी चव येते आणि हळदीचे लाल ठिपके उमटतात. पाव छोटा चमचा सोड्याला अर्धी वाटी आंबट दही लागते. ते नसल्यास दीड छोटा चमचा लिंबाचा रस घ्यावा आणि पीठ भिजवायला दह्याइतके पाणी वाढवावे. फ्रूट सॉल्ट वापरल्यास त्यात सायट्रिक आम्ल आधीच असते, त्यामुळे लिंबू फक्त चवीपुरते.